सबवूफरची मांडणी आणि जुळवणी

सबवूफर हा मानवी कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीतील सर्वांत खालचा भाग, म्हणजे साधारणपणे २० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यातील खर्ज, निर्माण करण्यासाठी बनवलेला स्वतंत्र ध्वनिक्षेपक होय. होम थिएटरमध्ये ढगांचा गडगडाट, स्फोट, इंजिनांची घरघर आणि पार्श्वसंगीतातील खालचे स्वर ऐकवण्याचे काम तो करतो. मांडणी म्हणजे सबवूफरसाठी खोलीतील जागा निवडणे व त्याची जोडणी करणे. जुळवणी म्हणजे त्याचा क्रॉसओव्हर, विलंब, कला व पातळी अशा रीतीने ठरवणे, की त्याचा आवाज अन्य स्पीकरच्या आवाजात मिसळून जाईल आणि तो वेगळा जाणवणार नाही.

मध्यम व उच्च वारंवारतांचा आवाज बऱ्याच अंशी स्पीकरच्या गुणवत्तेवर अवलंबून असतो. खर्जाच्या बाबतीत मात्र खोलीची मापे, सबवूफरची जागा आणि श्रोत्याची जागा या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. तोच सबवूफर त्याच खोलीत एक-दोन मीटर सरकवल्यास श्रोत्याच्या जागी एखाद्या वारंवारतेची पातळी १० डेसिबेल किंवा त्याहूनही अधिक बदलू शकते. म्हणून जुळवणीत क्रमाला महत्त्व आहे: प्रथम जागा, मग क्रॉसओव्हर, विलंब व कला, नंतर पातळी आणि सर्वांत शेवटी इक्वलायझर. हा क्रम उलटवल्यास जागेमुळे उद्भवलेला दोष विद्युत मार्गाने दुरुस्त करण्याचा प्रयत्न होतो आणि तो बहुधा निष्फळ ठरतो.

## सबवूफरचे कार्य

५.१ या ध्वनिरचनेतील ‘५’ हा आकडा समोरचे तीन आणि बाजूंचे किंवा मागचे दोन अशा पाच पूर्ण वाहिन्यांचा निर्देश करतो. ‘.१’ ही केवळ खर्जासाठी राखलेली मर्यादित पट्ट्याची वाहिनी असून ती एलएफई या संक्षेपाने ओळखली जाते. तिची वरची मर्यादा १२० हर्ट्झ असते.

सबवूफरकडे येणारा संकेत केवळ एलएफई वाहिनीचा नसतो. लहान आकाराच्या स्पीकरना न झेपणारा त्यांच्या वाट्याचा खर्जही एव्ही रिसीव्हर सबवूफरकडे वळवतो. या कार्याला खर्ज-व्यवस्थापन म्हणतात. म्हणूनच एलएफई वाहिनी नसलेले दोन वाहिन्यांचे संगीत ऐकतानाही सबवूफर काम करीत असतो.

ध्वनिमुद्रणाच्या संकेतानुसार एलएफई वाहिनी प्रत्यक्ष ऐकवताना तिच्या पट्ट्यात अन्य वाहिन्यांपेक्षा १० डेसिबेल अधिक पातळीवर ऐकवावी लागते. ही वाढ रिसीव्हर स्वतःच करतो. ती झालेली नाही असे समजून सबवूफरची पातळी पुन्हा १० डेसिबेलने वाढवल्यास खर्ज इतर सर्व आवाजांना झाकोळून टाकतो.

## इतिहास

चित्रपटगृहांत खर्जाचा स्वतंत्र परिणाम साधण्याचा गाजलेला प्रयोग म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओने १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी वापरलेली सेन्सराउंड पद्धती. तीत भूकंपाच्या दृश्यांच्या वेळी मोठ्या ध्वनिक्षेपकांतून अतिशय खालच्या वारंवारतांची घरघर सोडली जात असे. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटांच्या ७० मिलिमीटर प्रतींत डॉल्बीच्या पद्धतीने खर्जासाठी जादा वाहिन्या वापरण्यात आल्या. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटासह डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रपटगृहांत आली आणि ५.१ ही रचना रूढ झाली. पुढे डीव्हीडीच्या प्रसाराबरोबर ती घरांत पोहोचली.

खोक्याचे माप आणि त्यातील शंकूची हालचाल यांचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी परिमाणे आजही सबवूफरच्या रचनेचा पाया आहेत. १९८३ साली लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होल्मन यांच्या देखरेखीखाली टीएचएक्स हे चित्रपटगृहांसाठीचे मानक विकसित झाले. त्याच्या घरगुती आवृत्तीने ८० हर्ट्झ हा क्रॉसओव्हर लोकप्रिय केला.

## भौतिक पार्श्वभूमी

### तरंगलांबी

२० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यानुसार १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, ८० हर्ट्झची सुमारे ४.३ मीटर आणि २० हर्ट्झची सुमारे १७ मीटर भरते. म्हणजे सबवूफरच्या पट्ट्यातील तरंगलांबी खोलीच्या लांबीएवढी किंवा तिच्या कित्येक पट असते. याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे, ८० हर्ट्झच्या खालील ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर पडद्याजवळच ठेवण्याचे बंधन उरत नाही. दुसरा म्हणजे, भिंतींवरून परतलेले तरंग मूळ तरंगांत मिसळून खोलीत स्थिर तरंग तयार होतात.

### खोलीतील स्थिर तरंग

दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे असेल तेव्हा त्या वारंवारतेला खोलीचे अनुस्पंदन होते. ही वारंवारता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागतात. तिच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांनाही असेच घडते. उदाहरणार्थ, ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद व २.८ मीटर उंच अशा बैठकीच्या खोलीची पहिली दोन अनुस्पंदने पुढीलप्रमाणे येतात.

| दिशा | माप | पहिले अनुस्पंदन | दुसरे अनुस्पंदन |
|---|---|---|---|
| लांबी | ४.५ मीटर | ३८ हर्ट्झ | ७६ हर्ट्झ |
| रुंदी | ३.५ मीटर | ४९ हर्ट्झ | ९८ हर्ट्झ |
| उंची | २.८ मीटर | ६१ हर्ट्झ | १२३ हर्ट्झ |

याखेरीज दोन दिशांच्या संयोगातूनही अनुस्पंदने निर्माण होतात. वरील खोलीत लांबी व रुंदी यांच्या संयोगाचे पहिले अनुस्पंदन ६२ हर्ट्झला येते. ते उंचीच्या ६१ हर्ट्झच्या अगदी निकट असल्याने अशा खोलीत त्या सुमारास आवाज विशेष घुमण्याची शक्यता असते.

स्थिर तरंगात हवेचा दाब सर्वत्र सारखा बदलत नाही. भिंतींपाशी दाबातील चढउतार सर्वाधिक असतो, तर काही ठिकाणी तो जवळजवळ शून्य असतो. पहिल्या अनुस्पंदनात असे शून्यस्थान दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर येते, तर दुसऱ्यात एकचतुर्थांश व तीनचतुर्थांश अंतरावर. म्हणून एकाच खोलीत भिंतीला टेकून बसलेल्यास खर्ज असह्य वाटतो आणि मध्यभागी बसलेल्यास तोच खर्ज नाहीसा झाल्यासारखा वाटतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

वारंवारता वाढत जाते तशी अनुस्पंदने दाट होऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा स्वतंत्र प्रभाव ओसरतो. ही सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. वरील खोलीत आवाज विरण्याचा काळ ०.४ सेकंद धरल्यास ती सुमारे १९० हर्ट्झ येते. म्हणजे सबवूफरचा संपूर्ण पट्टा या सीमेच्या खाली, खोलीच्या अमलाखाली राहतो.

भिंतींचा प्रकारही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील अनेक घरांत लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते बसवलेल्या भिंती असतात. त्या खर्जाबरोबर किंचित कंप पावून त्याची काही ऊर्जा शोषतात. महाराष्ट्रातील सदनिकांत सर्रास आढळणाऱ्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती व आरसीसी स्लॅब कठीण व जड असल्याने ही ऊर्जा खोलीतच परत फेकतात. परिणामी येथील खोल्यांत अनुस्पंदने अधिक तीव्र व अधिक काळ टिकणारी असू शकतात. पडदे, सतरंज्या व पातळ फोम यांचा उपयोग मध्यम व उच्च वारंवारतांपुरताच होतो. कित्येक मीटर लांबीच्या तरंगावर त्यांचा परिणाम नगण्य असतो.

### श्रवणाची मर्यादा

मानवी कान खर्जाला कमी संवेदनशील आहे. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी १९३३ साली समान तीव्रतेचे वक्र प्रसिद्ध करून हे दाखवले. १००० हर्ट्झचा स्वर काही डेसिबेललाच ऐकू येतो, तर २० हर्ट्झचा ध्वनी ऐकू येण्यासाठी सुमारे ७८ डेसिबेलची पातळी लागते. आवाज कमी केल्यावर खर्ज इतरांपेक्षा लवकर लुप्त होतो, त्याचे कारण हेच. शिवाय तितकाच आवाज निम्म्या वारंवारतेला निर्माण करण्यासाठी शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. म्हणूनच शेवटचे सप्तक, म्हणजे ४० ते २० हर्ट्झ, साधणारे सबवूफर आकाराने मोठे असतात.

## जागेची निवड

### कोपरा आणि भिंती

सबवूफर भिंतीजवळ नेल्यास परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीला बळ देतो. प्रत्येक पृष्ठभागामागे ही वाढ तत्त्वतः ६ डेसिबेलपर्यंत असू शकते. कोपऱ्यात दोन भिंती व जमीन असे तीन पृष्ठभाग एकत्र येत असल्याने तेथे आवाज सर्वाधिक मिळतो आणि ॲम्प्लिफायरवरील ताण घटतो. मात्र सर्व अनुस्पंदनांचा दाब कोपऱ्यात कमाल असल्याने तेथील सबवूफर ती सर्व जागी करतो. खर्ज भरपूर मिळतो, पण काही स्वर घुमतात. भिंतीच्या मध्यावर ठेवलेला सबवूफर त्या भिंतीच्या दिशेचे पहिले अनुस्पंदन जवळजवळ जागे करीत नाही. त्यामुळे आवाज थोडा कमी, परंतु अधिक सम मिळू शकतो.

### श्रोत्याची जागा

सबवूफरइतकीच श्रोत्याची जागाही महत्त्वाची आहे. ४.५ मीटर लांबीच्या खोलीत सोफा बरोबर मध्यावर, २.२५ मीटरवर, असल्यास ३८ हर्ट्झचा आवाज नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकवल्यास तो अवाजवी होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एकतृतीयांश अंतरावर, म्हणजे सुमारे १.५ मीटरवर, पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही अनुस्पंदनांची शून्यस्थाने टळतात. जागेच्या अडचणीमुळे इतके अंतर ठेवता येत नसेल, तर सोफा भिंतीपासून ३०-४० सेंटिमीटर पुढे घेतल्यानेही मागून परतणाऱ्या मध्यम व उच्च ध्वनीचा त्रास कमी होतो. खर्जातील फरक त्या मानाने अल्प असतो.

### अदलाबदलीची पद्धत

ध्वनिशास्त्रातील परस्परतेच्या तत्त्वानुसार उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्या दोहोंमधील ध्वनिसंक्रमण तेच राहते. या तत्त्वावर आधारलेली एक साधी पद्धत प्रचलित आहे.

१. सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या मुख्य आसनावर किंवा त्याच्या शक्य तितक्या जवळ ठेवतात.
२. खालपासून वरपर्यंत चालत जाणारे खर्जाचे स्वर असलेली ध्वनिफीत किंवा ३० ते ९० हर्ट्झचे चाचणी-स्वर मध्यम आवाजात सतत वाजवतात.
३. सबवूफर ठेवणे प्रत्यक्षात शक्य आहे अशा प्रत्येक जागी कान जमिनीलगत नेऊन ऐकतात.
४. जेथे सर्व स्वर जवळजवळ सारख्या जोराने ऐकू येतात, ती जागा सबवूफरसाठी निवडतात.

येथे सर्वांत मोठा आवाज शोधायचा नसून सर्वांत सम आवाज शोधायचा असतो. दार, रहदारीची वाट आणि वीजजोडणीचा सॉकेट यांचाही विचार करून दोन-तीन पर्याय निवडावेत व शक्य असल्यास त्यांची मोजणी करून अंतिम निर्णय घ्यावा.

## जोडणी

स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर रिसीव्हरच्या सबवूफर निर्गमाला एका आरसीए केबलने जोडतात. सबवूफरवर ‘एलएफई’ असे लिहिलेला प्रवेश असल्यास तोच वापरतात, कारण त्यात अंतर्गत क्रॉसओव्हर वगळला जातो. तो नसल्यास सबवूफरवरील क्रॉसओव्हरचा नॉब कमाल स्थितीत ठेवतात. असे न केल्यास रिसीव्हर व सबवूफर या दोघांचेही क्रॉसओव्हर एकापाठोपाठ लागू होतात आणि ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाजाला खड्डा पडतो.

जोडणीनंतर सतत हूं असा आवाज येत असल्यास तो बहुधा अर्थिंगच्या वळशामुळे येतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हा आवाज ५० व १०० हर्ट्झला जाणवतो. रिसीव्हर, दूरचित्रवाणी संच व सबवूफर एकाच सॉकेटच्या फळीवरून चालवणे, केबल टीव्हीची तार काढून पाहणे किंवा संकेताच्या तारेत विलगक रोहित्र घालणे हे त्यावरील उपाय होत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकल्याने आवाज थांबतो, पण विजेच्या धक्क्याचा धोका निर्माण होतो. म्हणून तसे कधीही करू नये.

## जुळवणीचा क्रम

### क्रॉसओव्हर

रिसीव्हरच्या यादीत स्पीकरसाठी ‘स्मॉल’ व ‘लार्ज’ असे पर्याय असतात. त्यांचा संबंध खोक्याच्या मापाशी नसून खर्ज सबवूफरकडे वळवायचा की नाही याच्याशी असतो. सबवूफर असताना बहुतेक घरगुती स्पीकर ‘स्मॉल’ ठेवतात. स्पीकरचा आवाज ज्या वारंवारतेच्या खाली घटू लागतो, तिच्याहून सुमारे अर्धे ते एक सप्तक वर क्रॉसओव्हर निवडतात. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या स्पीकरसाठी ८० हर्ट्झ योग्य ठरतो, तर उपग्रह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इवल्या स्पीकरना १२० हर्ट्झ किंवा अधिक लागतात. मात्र १०० हर्ट्झच्या वर गेल्यास पुरुषी आवाजाचा काही भाग सबवूफरमधून येऊ लागतो व त्याची दिशा ओळखता येते. अशा वेळी सबवूफर समोरच्या स्पीकरजवळच ठेवणे इष्ट असते.

एलएफई वाहिनीची वरची मर्यादा ही स्वतंत्र मांडणी असून ती १२० हर्ट्झवरच ठेवतात. मुख्य स्पीकर व सबवूफर या दोहोंनाही तोच खर्ज देणारा पर्याय काही रिसीव्हरमध्ये असतो. त्यामुळे दोन उगमांतील ध्वनी एकमेकांना छेद देतात आणि परिणाम अनिश्चित होतो. म्हणून तो सामान्यतः टाळतात.

### विलंब

सर्व स्पीकरचा आवाज श्रोत्यापर्यंत एकाच वेळी पोहोचावा यासाठी रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवतात. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. सबवूफर मुख्य स्पीकरपेक्षा १.५ मीटर दूर असल्यास त्याचा ध्वनी सुमारे ४.४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ८० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १२.५ मिलिसेकंद लागत असल्याने हा फरक आवर्तनाच्या एकतृतीयांशाहून अधिक भरतो.

स्वयंचलित जुळवणीनंतर रिसीव्हरने दाखवलेले सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा बरेच जास्त असू शकते. सबवूफरमधील गाळण्या व अंकीय प्रक्रिया यांमुळे होणारा विलंब त्यात मिळवलेला असतो. हा आकडा चुकीचा समजून बदलू नये.

### कला

कला, अर्थात फेज, म्हणजे तरंग आपल्या आवर्तनातील कोणत्या टप्प्यावर आहे त्याचे मान. क्रॉसओव्हरच्या आसपास मुख्य स्पीकर व सबवूफर दोघेही वाजत असतात. त्यांचे शंकू श्रोत्याच्या जागी परस्परविरुद्ध दाब निर्माण करीत असतील, तर आवाज वाढण्याऐवजी घटतो. तपासणीसाठी क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा स्वर वाजवून सबवूफरवरील कळ ० व १८० अंश अशा दोन्ही स्थितींत पाहतात. मुख्य आसनावर ज्या स्थितीत आवाज अधिक येतो ती योग्य होय. सलग फिरणारा नॉब असल्यास कमाल आवाजाची स्थिती शोधतात. या कामी एकाने आसनावर बसून ऐकणे व दुसऱ्याने नॉब फिरवणे सोयीचे जाते.

### पातळी

सबवूफरवरील गेनचा नॉब प्रथम मध्याच्या आसपास ठेवतात. रिसीव्हरमधील चाचणी-ध्वनी लावून, ध्वनिमापक कानाच्या उंचीवर तिपाईवर ठेवून, ‘सी’ भारांकन व मंद प्रतिसाद या पर्यायांवर प्रत्येक वाहिनी ७५ डेसिबेलवर आणतात. सबवूफरसाठी हेच करताना रिसीव्हरमधील समायोजन शून्याच्या जवळ किंवा थोडे ऋण राहील अशा बेताने गेनचा नॉब फिरवतात. समायोजन फार ऋण झाल्यास हलक्या आवाजाच्या वेळी सबवूफर आपोआप चालू होत नाही. फार धन झाल्यास रिसीव्हरचा निर्गम विरूपित होण्याचा संभव असतो.

‘ए’ भारांकन खर्जाची पातळी फारच कमी दाखवते. ५० हर्ट्झला ही घट सुमारे ३० डेसिबेल असते, म्हणून ते या कामासाठी वापरत नाहीत. पूर्ण जुळवणीनंतर अनेक श्रोते सबवूफर ३ ते ६ डेसिबेल वर ठेवतात. चित्रपटगृहापेक्षा घरात आवाज कमी ठेवला जात असल्याने श्रवणाच्या वर सांगितलेल्या मर्यादेनुसार ही वाढ सयुक्तिक ठरते.

### इक्वलायझर

इक्वलायझरने अनुस्पंदनाची शिखरे कमी करता येतात, कारण तेथे ऊर्जा जास्त आहे. खड्डे मात्र भरून काढता येत नाहीत. शून्यस्थानी थेट व परावर्तित ध्वनी एकमेकांना नाहीसे करतात. संकेत वाढवल्यास दोन्ही सारखेच वाढतात व खड्डा तसाच राहतो. दरम्यान ॲम्प्लिफायरवरील भार मात्र वाढतो: ३ डेसिबेल वाढीला दुप्पट, ६ डेसिबेलला चौपट आणि १० डेसिबेलला दहापट शक्ती लागते. त्यामुळे ‘शिखर कापा, खड्डा भरू नका’ हा नियम रूढ आहे. खड्ड्यावरचा खरा उपाय सबवूफर किंवा आसन हलवणे हाच होय.

## मोजमापाची साधने

अनेक रिसीव्हरबरोबर मायक्रोफोन मिळतो आणि ऑडिसी, डिराक किंवा यामाहाची वायपीएओ यांसारखी स्वयंचलित प्रणाली असते. मायक्रोफोन सोफ्याच्या गादीवर न ठेवता तिपाईवर, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. मोजणीच्या वेळी पंखा व वातानुकूलक बंद ठेवावेत. एकाहून अधिक ठिकाणी मोजणी केल्यास प्रणालीला एका जागेचा विशेष व सर्वांना समान असलेला दोष यांत फरक करता येतो. प्रणाली पूर्ण झाल्यावर तिने निवडलेले क्रॉसओव्हर व ‘स्मॉल-लार्ज’ पर्याय तपासून पाहणे आवश्यक असते.

तपशीलवार मोजणीसाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही विनामूल्य संगणक आज्ञावली व अंशशोधनाची फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन वापरला जातो. त्यातून वारंवारतेनुसार पातळीचा आलेख आणि प्रत्येक वारंवारता विरायला किती वेळ लागतो याचा धबधब्यासारखा दिसणारा आलेख मिळतो. मोबाइलमधील मायक्रोफोन आवाज उच्चारासाठी बनवलेला असल्याने सर्वांत खालच्या वारंवारतांना त्याचे आकडे विश्वसनीय नसतात. तरीही दोन जागांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी पडतो. एकाच वारंवारतेचा स्वर मोठ्या आवाजात फार वेळ वाजवू नये. त्याने सबवूफरमधील तारेचे वेटोळे तापून निकामी होऊ शकते.

## एकाहून अधिक सबवूफर

दुसरा सबवूफर बसवण्याचा मुख्य लाभ आवाज वाढणे हा नसून आवाज निरनिराळ्या आसनांवर सारखा पोहोचणे हा आहे. समोरासमोरच्या भिंतींवरील दोन सबवूफर त्या दिशेच्या पहिल्या अनुस्पंदनाला परस्परविरुद्ध चालना देतात व ते दबते. टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांविषयी मांडलेल्या अभ्यासात चार भिंतींच्या मध्यावरील चार सबवूफर उत्तम आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरील दोन जवळपास तितकेच परिणामकारक आढळले. चारापेक्षा अधिक संख्येने फारसा लाभ दिसला नाही. म्हणून एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम सारखे सबवूफर घेणे अनेकदा अधिक हितावह ठरते. ते एकमेकांशी आधी जुळवून, मग दोन्ही मिळून एक मानून मुख्य स्पीकरशी जुळवतात.

## सामान्य तक्रारी आणि कारणे

* सर्वच स्वर एकसारखे घुमतात: सबवूफर कोपऱ्यात असून एखादे अनुस्पंदन प्रबळ झाले आहे. तो भिंतीलगत सरकवावा. उरलेले शिखर इक्वलायझरने कापावे.
* आसनावर खर्ज नाही, पण स्वयंपाकघरात ऐकू येतो: आसन शून्यस्थानी आहे. सबवूफरचा आवाज वाढवून उपयोग होत नाही.
* ढोल किंवा ड्रमच्या ठोक्याला धार नाही: क्रॉसओव्हरपाशी कला किंवा विलंब जुळलेला नाही.
* मोठ्या आवाजात फसफस किंवा खडखड: छिद्रयुक्त खोक्यात वाऱ्याचा आवाज होत आहे किंवा शंकू आपल्या मर्यादेपलीकडे हलत आहे. पातळी कमी करावी. खिडकीची तावदाने व फळीवरील वस्तूही पाहाव्यात.
* सबवूफर वेगळा ऐकू येतो: पातळी जास्त आहे किंवा क्रॉसओव्हर फार वर आहे.

## शेजार आणि आवाजाची मर्यादा

भिंतीचा ध्वनिरोध वारंवारता निम्मी होताच साधारण ६ डेसिबेलने घटतो. त्यामुळे सदनिकांच्या इमारतीत संवाद शेजारी पोहोचत नाहीत, पण सबवूफरची धडधड पोहोचते. खोक्याचा कंप थेट स्लॅबमध्ये उतरू नये म्हणून त्याखाली रबराचे किंवा फोमचे आसन ठेवतात. त्याने खडखड कमी होते. परंतु हवेतून भिंतींवर आदळणारा खर्ज त्याने थांबत नाही.

भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल अशी ‘ए’ भारांकित मर्यादा आहे. या भारांकनात खर्ज कमी मोजला जात असल्याने मापकावरील आकडा मर्यादेत असूनही शेजाऱ्याची झोप मोडू शकते. रात्रीच्या वेळी रिसीव्हरमधील गतिक पल्ला आखडणारा पर्याय, जो ‘नाइट मोड’ नावाने आढळतो, चालू करणे आणि सबवूफरची पातळी उतरवणे हे व्यवहार्य उपाय आहेत. नीट जुळवलेला सबवूफर येथेही उपकारक ठरतो: घुमणारे शिखर कापले गेल्याने श्रोत्याला संपूर्ण खर्ज कमी आवाजातही ऐकू येतो आणि भिंतीपलीकडे जाणारी धडधड घटते.

## हे सुद्धा पहा

* ध्वनी
* ध्वनिक्षेपक
* डेसिबेल
* स्थिर तरंग
* ध्वनिप्रदूषण